विजेवरची स्पोर्ट्‌स कार आणि वजनाचा हिशेब

विजेवरच्या मोटारीला वेग जमतो का, हा प्रश्न खरे तर १८९९ सालीच निकालात निघाला आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात पॅरिसजवळच्या आशेर येथे कामी जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ‘ला जामे कोंतांत’ नावाची, टॉर्पेडोच्या आकाराची विजेवरची गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभरचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ होती. पुढे पेट्रोलने बाजी मारली ती वेगाच्या बळावर नव्हे, तर टाकीत मावणाऱ्या ऊर्जेच्या बळावर. सव्वाशे वर्षांनी वाद पुन्हा त्याच जागी येऊन थांबला आहे, फक्त वाद घालणाऱ्यांचे तिकडे लक्ष नसते.

आमचे गाव साखरप्याच्या अंगाला आहे. थंडी पडली की कोल्हापूर-पुण्याकडच्या महागड्या गाड्यांचे ताफे आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याकडे जाताना दिसतात. अलीकडे त्यांत एखादी विजेवरची गाडीही असते. मग नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर तासभराची सोय होते. तरुण मंडळी ‘शून्य ते शंभर’चे आकडे सांगतात, तर माझ्या वयाची मंडळी “आवाज नाही ती कसली गाडी” म्हणून हात झटकतात. मी आयुष्यभर यंत्रांशी खेळत आलो आहे, त्यामुळे या चर्चेत मलाही ओढले जाते, आणि माझे म्हणणे कोणत्याच बाजूला फारसे रुचत नाही. पिकअप आणि आवाज हे दोन्ही मुद्दे मला दुय्यम वाटतात. वीज आणि स्पोर्ट्‌स कार यांचे जमेल की नाही, याचा निकाल वजनावर लागणार आहे.

आधी विजेच्या पदरात जे माप टाकायचे ते मनापासून टाकू. विजेची मोटर जागेवरून हलतानाच आपला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देते. इंजिनाप्रमाणे तिला आवर्तने चढण्याची किंवा टर्बो फिरू लागण्याची वाट पाहावी लागत नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ही ताकद किती द्यायची, हे काही सहस्रांश सेकंदांत बदलता येते. क्रोएशियात तयार होणाऱ्या रिमाक नेवेरा या गाडीत चार चाकांना चार स्वतंत्र मोटरी आहेत. वळणात आतल्या चाकाला किती ताकद द्यायची आणि बाहेरच्या चाकाला किती, हे तेथे संगणक ठरवतो आणि गाडी वळणात ओढून घेतो. पेट्रोलच्या गाडीत हेच काम डिफरन्शिअल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची जोडणी), क्लचपट्ट्या आणि ब्रेक यांच्या कसरतीतून करावे लागते. बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे गुरुत्वमध्यही खाली राहतो. शिवाय गिअरबॉक्सची दगदग जवळजवळ संपते. सर्वोच्च वेगाची हाव असेल, तर मात्र एकच गिअर अपुरा पडतो, म्हणून पोर्शेने २०१९ साली टायकान आणली तेव्हा तिच्या मागच्या आसाला दोन गिअर दिले.

ही शक्ती कोठे खुलून दिसते, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या पाइक्स पीक शर्यतीकडे पाहावे. जवळजवळ २० किलोमीटरचा घाट, १५६ वळणे, सुरुवात समुद्रसपाटीपासून २८६२ मीटरवर आणि शेवट ४३०२ मीटरवर. चढ वाढतो तशी हवा विरळ होते आणि त्याबरोबर इंजिनाची ताकदही उतरते. विजेच्या मोटरीला श्वास घ्यायचाच नसल्यामुळे तिला त्याचे सोयरसुतक नसते. २०१८ साली फोक्सवागनने आयडी.आर ही विजेवरची शर्यतीची गाडी तेथे उतरवली. रोमँ द्युमा याने तो घाट ७ मिनिटे ५७.१४८ सेकंदांत चढवला आणि सेबास्तियाँ लोब याचा २०१३ सालचा ८ मिनिटे १३.८७८ सेकंदांचा विक्रम सोळा सेकंदांहून अधिक फरकाने मागे टाकला. (आमचे घाट जेमतेम सहा-सातशे मीटरचे, त्यामुळे विरळ हवेचा फायदा येथे कोणी सांगू लागला तर हसून सोडून द्यावे.) मात्र या विक्रमातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आयडी.आरचे वजन ११०० किलोपेक्षा कमी होते. एवढी हलकी गाडी शक्य झाली, कारण तिला एकदाच, आठ मिनिटांसाठी पळायचे होते आणि बॅटरी तेवढ्यापुरतीच भरायची होती.

रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीला हे स्वातंत्र्य नसते. येथे मला जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगचे आकडे फार बोलके वाटतात. ही २०.८३२ किलोमीटरची चढउतारांची, जंगलातून जाणारी फेरी आहे. सरळ रस्त्यावरची धाव आणि वळणातली चपळाई या दोन्हींची तेथे परीक्षा होते. २०२१ मध्ये लार्स कर्न या चालकाने पोर्शे ९११ जीटी३ ही पेट्रोलवरची गाडी ६ मिनिटे ५९.९२७ सेकंदांत तेथे फिरवली. त्या गाडीची ताकद ५१० अश्वशक्ती आणि वजन साधारण १४३० किलो. त्याच चालकाने पोर्शेचीच टायकान टर्बो जीटी ही विजेवरची गाडी त्याच फेरीवर पळवली, तेव्हा वेळ लागली ७ मिनिटे ७.५५ सेकंद. हिची ताकद हजार अश्वशक्तीच्या वर, म्हणजे जीटी३च्या दुप्पट. पण वजन २२०० किलोच्या घरात. दुप्पट ताकद देऊनही गाडी साडेसात सेकंद मागे पडली.

टायकान मुळात चार दारांची गाडी आहे, तिची तुलना अस्सल स्पोर्ट्‌स कारशी कशाला, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तही आहे. मग पहिल्या रेषेपासून अतिवेगासाठीच आखलेली, दोन आसनांची नेवेरा घ्या. १९१४ अश्वशक्ती हाताशी असताना २०२३ मध्ये तिला ७ मिनिटे ५.२९८ सेकंद लागले. २०२५ मध्ये यांगवांग यू९ एक्स्ट्रीम या चिनी गाडीने सात मिनिटांचा उंबरा अखेर ओलांडला, वेळ ६ मिनिटे ५९.१५७ सेकंद. त्यासाठी तिला सुमारे तीन हजार अश्वशक्ती लागली. म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या, सहापट कमी ताकदीच्या गाडीवर पाऊण सेकंदाची सरशी. चालक, टायर आणि हवामान वेगळे असले की सेकंदांचा फरक पडतो, हे मान्य केले तरी सहापट हा आकडा त्यात बुडून जात नाही. इतकी ताकद जाते कोठे, हा खरा प्रश्न आहे.

ती वजन ओढण्यात जाते, असे म्हटले तर उत्तर अर्धेच होईल, कारण सरळ रस्त्यावर या गाड्या कोणालाही हार जात नाहीत. अडचण सुरू होते ती ब्रेक लावायच्या जागी आणि वळणात. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणजे त्याची पकड दुप्पट होते असे नाही. ती त्याहून कमीच वाढते. गाडीला वळणात आत खेचायला लागणारे बळ मात्र वजनाच्या सरळ प्रमाणात वाढते. परिणामी जड गाडीला रुंद टायर द्यावे लागतात, रुंद टायरांसाठी भक्कम सस्पेन्शन, त्यासाठी मोठे ब्रेक, आणि या साऱ्याने वजन आणखी वाढते. लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी ताकद वाढवण्यापेक्षा वजन काढण्यावर आयुष्यभर भर दिला तो याच कारणाने. १९९६ मधली पहिली लोटस एलिस सव्वासातशे किलोंच्या आसपास होती. गंमत अशी की टेस्लाची पहिली गाडी, २००८ सालची रोडस्टर, याच एलिसच्या आधारावर उभी राहिली.

आमच्या संगमेश्वर तालुक्यात पावसाळ्यात चिखलातल्या नांगरणी स्पर्धा होतात. त्यांत गावठी बैलांचा गट वेगळा आणि घाटी बैलांचा वेगळा असतो. घाटी बैल अंगाने थोराड, त्यांचा जोर पाहत राहावा असा. गावठी जोडी लहान, पण वळणावर पटकन फिरते. दोघांना एका गटात पळवून कोण श्रेष्ठ, असे तेथे कोणी विचारत नाही. मोटारींच्या चर्चेत मात्र आपण सर्रास तेच करतो, आणि तेही केवळ सरळ धावेचे आकडे समोर ठेवून.

हे वजन येते कोठून, त्याचा हिशेब सोपा आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच, एक किलोवॉट-तास. साठ लिटरची टाकी भरली तर सव्वापाचशेहून अधिक युनिट गाडीत आले आणि त्यांचे वजन पंचेचाळीस किलो. इंजिन त्यातली चौथाई ते तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते, बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून वाया जाते, आणि विजेची मोटर नव्वद टक्क्यांच्या आसपास काम करते. ही उधळपट्टी वजा केली तरी पेट्रोल पुढेच राहते, कारण पहिल्या टायकानची ९३.४ युनिटांची बॅटरी एकटीच ६३० किलोंची होती. त्यातही पेट्रोल जळते तशी गाडी हलकी होत जाते, पण रिकामी बॅटरी भरलेल्या बॅटरीइतकीच जड असते. २०२५ मध्ये फेरारीने आपल्या पहिल्या विजेवरच्या गाडीची जी माहिती जाहीर केली, तीत १२२ युनिटांची बॅटरी आणि सुमारे २३०० किलो वजन असे आकडे होते. ज्या कारखान्याने आजवर एकेका किलोसाठी जीव टाकला, त्यालाही यातून सुटका सापडलेली नाही.

वजनाच्या जोडीला उष्णता येते. तारेतून जाणारा विद्युतप्रवाह दुप्पट केला की तापणे चौपट होते, हा शाळेतला नियम येथे निर्दयपणे लागू पडतो. तीच ताकद कमी प्रवाहात मिळावी म्हणून टायकानने चारशेऐवजी आठशे व्होल्टची रचना स्वीकारली. व्होल्ट दुप्पट केल्यावर प्रवाह निम्मा होतो. तरीही शर्यतीच्या मैदानावर सरासरी ३०० किलोवॉट ताकद सतत काढत राहिलो, तर ९० युनिटांची बॅटरी अठरा मिनिटांत रिकामी होईल, आणि बहुतेक गाड्यांची प्रणाली त्याआधीच तापमान पाहून ताकद आवरती घेईल. विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई स्पर्धा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा पहिली चार वर्षे चालकाला शर्यतीच्या मध्यावर गाडीच बदलावी लागत असे. २०२३ मध्ये हैदराबादला ती शर्यत झाली, तोवर एकाच गाडीत शर्यत पुरी होऊ लागली होती; म्हणजे प्रगती आहे. परंतु तेथे ऊर्जा वाचवत वाचवत पळणे हाच डावपेचाचा मोठा भाग असतो.

उतारावर वीज परत मिळते, हा विजेच्या गाडीचा आणखी एक गुण सांगितला जातो आणि घाटात राहणाऱ्याला तो विशेष भावतो. २००० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर हिशेबाने पावणेतीन युनिट ऊर्जा सुटते आणि त्यातली बरीचशी बॅटरीत परत भरता येते. मात्र त्याला एक अट आहे, ती मला गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या विजेवरच्या एसयूव्हीत बसून दिसली. आम्ही आंब्याला मुक्कामाला होतो आणि त्याने रात्री गाडी चार्जिंगला लावून पूर्ण शंभर टक्के भरली. सकाळी धुक्यात घाट उतरू लागलो, तेव्हा पडद्यावर ‘रिजन उपलब्ध नाही’ अशा अर्थाची सूचना आली. रिजन म्हणजे हीच वेग आवरताना वीज परत मिळवण्याची सोय. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवायची कोठे? त्यामुळे सगळा भार साध्या ब्रेकवर आला. चौथ्या-पाचव्या तीव्र वळणानंतर भाचा म्हणाला, “मामा, कसला तरी वास येतोय का?” वास ब्रेकपॅडचाच होता. मी म्हटले, “बाजूला घे, दहा मिनिटे थांबू.” रस्त्याच्या कडेला उतरून पाहिले, तर पुढच्या चाकाजवळ हात नेताच धग लागत होती आणि चंदेरी रिमवर काळपट भुकटीचा थर चढला होता. तेथून पाच-सात किलोमीटर उतरल्यावर बॅटरी थोडी रिकामी झाली आणि रिजन आपोआप परत आले.

भाच्याची गाडी कुटुंबाची, सावकाश चालणारी. स्पोर्ट्‌स कारमध्ये हाच प्रश्न मोठा होऊन उभा राहतो. ताशी २०० किलोमीटर वेगातली २२०० किलोंची गाडी थांबवायची, तर जवळजवळ एक युनिट ऊर्जा चार-पाच सेकंदांत कोठेतरी मुरवावी लागते. बॅटरी भरलेली असेल किंवा तापलेली असेल, तर ती पुरेशी वीज घेत नाही. म्हणून रिजनवर विसंबून ब्रेक लहान ठेवता येत नाहीत. पुरे वजन झेलणारे ब्रेक बसवावेच लागतात. वजन वाचवण्याची एक वाट तेथेही बंद होते.

आता आवाज. त्यावाचून गाडी निर्जीव वाटते, या मताशी मी सहमत नाही. पण आवाजाचा एक उपयोग मात्र खरा आहे. इंजिनाचा सूर ऐकून, मीटरकडे न पाहता, आपण किती वेगात आहोत याचा अंदाज येतो. विजेची गाडी हा अंदाज देत नाही आणि चालक वळणात नकळत जास्त वेगाने शिरतो. ह्युंदाईने आयोनिक ५ एन या गाडीत नसलेले गिअर असल्यासारखे भासवण्याची सोय केली आहे. तीत गिअर बदलताना ताकद क्षणभर मुद्दाम तोडली जाते आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. ऐकायला हे पोरकट वाटते, तरी चालकाच्या हातात काही तरी मोजमाप देण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे. फेरारीने मोटरीची प्रत्यक्ष कंपने टिपून तीच मोठी करून ऐकवण्याचा मार्ग सांगितला आहे, आणि तो मला अधिक सरळ वाटतो. एकूण, आवाजावर तोडगा निघतो. बॅटरीच्या सहाशे किलोंवर तसा निघत नाही.

बाजारालाही हे जाणवू लागलेले दिसते. नेवेरा बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक खुद्द माते रिमाक यांनी २०२४ मध्ये सांगितले की अतिश्रीमंत ग्राहकांना विजेवरच्या हायपरकारची, म्हणजे नेवेरासारख्या अतिवेगवान, अतिमहाग गाडीची, तितकीशी ओढ राहिलेली नाही. त्यांच्याच देखरेखीखाली बुगाटीने त्या वर्षी सोळा सिलिंडरचे इंजिन असलेली हायब्रिड तूरबियाँ दाखवली. पोर्शेने आपली दोन आसनांची पुढची ७१८ पूर्णपणे विजेवर नेण्याचे ठरवले होते, पण २०२५ मध्ये तिच्या वरच्या श्रेणीत इंजिन ठेवण्याचे जाहीर केले. आपल्याकडे त्याच वर्षी एमजीने सायबरस्टर ही उघड्या छताची विजेवरची गाडी पाऊण कोटीच्या आसपास किमतीला आणली. ५१० अश्वशक्ती, शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत, आणि वजन पुन्हा दोन टनांच्या जवळ. दिसायला देखणी आहे. कोकणात चार महिने छत उघडता येणार नाही, आणि चौपदरीकरणासाठी खणलेल्या मिऱ्या-नागपूर महामार्गावर तिचे पोट कोठे कोठे घासेल ते सांगायला नको. पण ही तक्रार पेट्रोलच्या स्पोर्ट्‌स कारबाबतही तेवढीच खरी आहे.

वीज स्पोर्ट्‌स कारला शोभत नाही, असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. मोठ्या बॅटरीची वीज तिला शोभत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. मॅकमर्ट्री स्पीयरलिंग ही एका माणसाची ब्रिटिश गाडी हजार किलोंच्याही आत आहे. पोटाखालची हवा पंख्यांनी खेचून ती स्वतःला रस्त्याला चिकटवून घेते, आणि जागेवर उभी असतानाही सुमारे दोन हजार किलोंचा दाब तयार करते. २०२२ मध्ये तिने इंग्लंडमधल्या गुडवुडच्या शर्यतीची टेकडी ३९.०८ सेकंदांत चढून आयडी.आरचाच विक्रम मोडला. छोटी बॅटरी, हलके अंग, थोडा वेळ आणि पुरेपूर दणका हे विजेचे खरे शेत आहे, आणि आपले घाटरस्ते नेमके त्याच मापाचे आहेत. केटरहॅम या ब्रिटिश कंपनीने २०२३ मध्ये प्रोजेक्ट व्ही नावाचा नमुना दाखवला, त्यात ५५ युनिटांची बॅटरी आणि ११९० किलो वजन असे उद्दिष्ट ठेवले होते. मला तर चाळीस युनिटही पुरतील. साखरप्याहून आंब्यापर्यंत मनसोक्त चढून परत यायला त्यातली दहासुद्धा खर्च होणार नाहीत.

भाच्याला मी हे सांगितले, तेव्हा त्याने विचारले, “पण मामा, मग पुण्याला कशी जाणार?” हाच प्रश्न प्रत्येक ग्राहक शोरूममध्ये विचारतो आणि कंपन्या निमूटपणे आणखी तीस युनिटांची बॅटरी खाली बसवतात. स्पोर्ट्‌स कार घेण्याइतके पैसे ज्याच्याकडे आहेत, त्याच्या दारात पुण्याला न्यायला दुसरी गाडी उभी असतेच.